कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ : ही शांतता सापडलेली की रचलेली?

गेरू

निसर्गचित्रातल्या ‘मूड’वरची चर्चा बहुतेक वेळा ‘प्रसन्न वाटतं’ किंवा ‘उदास वाटतं’ इथेच थांबते. म्हणून या धाग्यात एकच चित्र घेऊ आणि ते नीट सोलून बघू. जॉन कॉन्स्टेबल (इंग्रज चित्रकार), ‘द हे वेन’ (म्हणजे ‘गवताची गाडी’), १८२१, कॅनव्हासवर तैलरंग, १३०.२ × १८५.४ सेंमी, नॅशनल गॅलरी, लंडन. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठी प्रतिमा आहे. ती शेजारच्या खिडकीत उघडून ठेवा, नाहीतर खालचं वाचून काही हाती लागणार नाही.

चित्रात काय आहे ते आधी बघू. सफोक आणि एसेक्स या दोन परगण्यांच्या सीमेवरून वाहणारी स्टाऊर नदी. चित्रकाराच्या वडिलांची फ्लॅटफर्डची गिरणी इथेच, तिच्याजवळून दिसणारा हा देखावा. डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचं घर, धुराड्यातून धूर निघतोय, घराच्या पायाशी एक बाई पाण्यावर वाकली आहे. मध्ये उथळ पाण्यात तीन घोड्यांची रिकामी गाडी, तिच्यात दोघे जण. अलीकडच्या काठावर कुत्रा. उजवीकडे लव्हाळ्यात होडी आणि मासे धरणारा. त्यामागे उन्हातलं कुरण, आणि त्याच्या पार टोकाला गवत कापणारी माणसं आणि भरत आलेली दुसरी गाडी. ही माणसं इतकी बारीक आहेत की छापील चित्रात बहुतेकदा दिसतच नाहीत.

लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेत हे चित्र मांडलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘निसर्गदृश्य : दुपार’. ‘हे वेन’ हे त्याचा मित्र पाद्री जॉन फिशर याने पत्रात वापरलेलं सुटसुटीत नाव, पुढे तेच चिकटलं. पहिल्या नावात गाडीचा पत्ताही नाही, फक्त दिवसाची वेळ आहे. चित्र बघायला सुरुवात तिथूनच करावी.

हे चित्र रोमँटिक, म्हणजे भावनेला प्राधान्य देणाऱ्या, निसर्गचित्रणात धरलं जातं. माझं म्हणणं थोडक्यात असं : ‘शांत ग्रामीण दुपार’ हा या चित्राबद्दलचा समज निम्माच खरा आहे. यातली शांतता तीन-चार अस्थिर गोष्टी एकमेकींना तोलून उभी केली आहे. वरचं आभाळ सरकतं आहे. गाडी रिकामी आहे, म्हणजे काम अजून व्हायचंय. कुत्रा कुणाकडे तरी बघतोय आणि गाडीतला एक जण त्याच्याकडे हात करतोय. यातलं एकेक मनातल्या मनात काढून बघा, चित्र लगेच मंद पडतं.

आता तुम्ही बोला. तंत्र, इतिहास, हरकती, सगळं चालेल.

---

वाकडी_चौकट

हरकतीपासूनच सुरुवात करतो. हे चित्र इंग्लंडात बिस्किटांच्या डब्यांवर, कॅलेंडरांवर आणि कोड्यांच्या तुकड्यांवर इतकं छापलं गेलंय की त्याला ‘रोमँटिक’ म्हणायची जीभ रेटत नाही. रोमँटिक म्हटलं की वादळ हवं, कडा हवा, पाठमोरा एकटा माणूस हवा. इथे घर, गाडी, कुत्रा. हे तर निव्वळ गोड चित्र झालं.

---

तिसरा_प्रहर

@वाकडी_चौकट, कडा आणि वादळ ही रोमँटिक निसर्गचित्रणाची एक शाखा. दुसऱ्या शाखेत भावना देखाव्याच्या भव्यतेतून येत नाही, चित्रकाराचं त्या जागेशी जे नातं असतं त्यातून येते. २३ ऑक्टोबर १८२१ च्या पत्रात कॉन्स्टेबल फिशरला कळवतो की गिरणीच्या बांधावरून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज, विलोची झाडं, कुजलेल्या फळ्या, शेवाळलेले खांब आणि विटकाम आपल्याला प्रिय आहे. याच पत्रात तो चित्रकला म्हणजे भावनेचंच दुसरं नाव असल्याचं सांगतो. शेवाळलेला खांब हा भावनेचा विषय होऊ शकतो, हे म्हणणंच तेव्हा नवीन होतं.

त्याआधीची रीत बघा. पॅस्टोरल (रम्य ग्रामीण जीवनाचं चित्र) म्हणजे सतराव्या शतकातला चित्रकार क्लोद लोरँ : दोन्ही बाजूंना झाडांची कमान, पुढे तपकिरी सावली, मागे सोनेरी धुकं, एखादा मेंढपाळ किंवा बायबलातली मंडळी. कॉन्स्टेबलला तो मनापासून आवडायचा. संग्राहक सर जॉर्ज बोमाँट यांच्याकडचं लोरँचं ‘हागार आणि देवदूत’ (१६४६) त्याने तरुणपणीच पाहिलं होतं. पण बोमाँटच्या मते निसर्गचित्राचा एकूण सूर जुन्या क्रेमोना व्हायोलिनसारखा तपकिरी असायला हवा होता, आणि कॉन्स्टेबलने व्हायोलिन उचलून सरळ हिरवळीवर ठेवलं, असा किस्सा त्याच्या चरित्रात आहे. ‘हे वेन’मध्ये लोरँच्या रचनेचा सांगाडा शाबूत आहे (एका बाजूला काळोखी झाडी, दुसऱ्या बाजूला उजळ खोली), मात्र देवदूताच्या जागी गाडीवान आहे आणि तपकिरीच्या जागी हिरवा.

---

चहाबिस्कीट

बिस्किटाच्या डब्याचा उल्लेख आला म्हणून हजेरी लावली. चर्चा चालू द्या, मी मागच्या बाकावर आहे.

---

धूसर

रचनेवर थोडं. ज्यांना हे हाताने तपासायचंय त्यांच्यासाठी पद्धत देतो.

कागदावर १० × ७ सेंमीची चौकट आखा. मूळ चित्राचं प्रमाण जवळपास हेच आहे. प्रतिमा कृष्णधवल करा, डोळे अर्धवट मिटा आणि फक्त तीन छटांत उतरवा : कोरा कागद, २बी पेन्सिलची मधली छटा, ६बी पेन्सिलचा गडद. वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका, जास्त दिला की पानं काढायचा मोह होतो.

गडद भाग जवळपास सगळा डावीकडे आणि मध्यावर, म्हणजे घरामागची झाडी, असा येईल. उजवीकडचं कुरण आणि त्यावरचं आभाळ उजळ. क्षितिजाची रेघ उंचीच्या मध्याच्या किंचित खाली. गाडी नेमकी गडद आणि उजळ यांच्या सांध्याजवळ, पाण्याच्या मधल्या छटेत. म्हणजे नजर काळोख्या, बंदिस्त, घरगुती बाजूकडून निघते, गाडीपाशी अडखळते आणि मोकळ्या कुरणात जाते. गाडीलाही पलीकडच्या कुरणातच जायचंय. नजरेचा रस्ता आणि गाडीचा रस्ता एक आहे, मूडचा मोठा वाटा इथून येतो.

आता तेच रेखाटन आरशात धरून किंवा उलटं छापून बघा. उजळ कुरण डावीकडे आलं की डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असलेल्या डोळ्याला चित्र मोकळ्यातून काळोखात शिरल्यासारखं वाटतं. वस्तू त्याच, मूड बदलला.

यात बहुतेकांचं काय चुकतं : पाणी सरसकट उजळ ठेवतात. नीट बघा, पुढचं पाणी बऱ्यापैकी गडद आहे, उजळपणा फक्त तुकड्यांत आहे. पाणी पांढरं केलंत की गाडी कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसते.

---

ओलेता_कागद

@धूसर यांच्या पद्धतीत आणखी एक भर. पडद्यावर चित्र पूर्ण दिसेल इतकं लहान करा आणि बोटाच्या टोकाने घोड्यांच्या साजातला लाल झाका. बस, तेवढंच. सगळे हिरवे एकदम मातकट वाटायला लागतील. बोट काढा, हिरवे परत ताजे. हिरव्याचा पूरक रंग लाल, म्हणून इतका छोटा ठिपका एवढ्या मोठ्या चित्राचा तोल धरून ठेवतो. लाल दुसरीकडे आहे तो घराच्या छपराच्या लालसर विटकरीत, पण तो मुद्दाम दबलेला ठेवलाय, नाहीतर नजर घरातच अडकली असती.

नक्कल करताना हमखास होणारा घोटाळा : लाल आवडतो म्हणून बाईच्या कपड्यात, होडीत, फुलांत, सगळीकडे थोडाथोडा टाकला जातो. मग तो कुठेच काम करत नाही.

---

पुराणवांगी

इतिहासाची बाजू मांडतो, कारण ‘सापडलेली की रचलेली’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

हे चित्र नदीकाठी बसून काढलेलं नाही. लंडनमधल्या केपेल स्ट्रीटवरच्या घरी, १८२०-२१ च्या हिवाळ्यात काढलं. उन्हाळ्यातली दुपार, गवताची कापणी, अंगावर लोकर घालून! गाडीच्या तपशिलाबद्दल खात्री नव्हती म्हणून गावाकडे निरोप गेला, आणि धाकट्या जॉन डनथॉर्नने सफोकमध्ये गाडीची रेखाटनं करून पाठवली. फेब्रुवारी १८२१ मध्ये भाऊ एब्रमने पत्रात लिहिलंय की हे काम करताना बिचारा चांगलाच गारठला. म्हणजे या दुपारची गाडी कडाक्याच्या थंडीत बघून काढलेली आहे.

कामाचे टप्पे असे होते. विली लॉटच्या घराचे जागेवर केलेले छोटे तैल अभ्यास काही वर्षांपूर्वीचेच होते. त्यांवरून लहान रचनाचित्र (ते येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहे). मग पूर्ण आकाराचं तैल कच्चं चित्र, अंतिम चित्राएवढंच मोठं (लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये). आणि मग अंतिम. पूर्ण आकाराचं कच्चं चित्र करायची कल्पना त्या काळात विक्षिप्तच म्हणायची. दुप्पट कॅनव्हास, दुप्पट रंग, दुप्पट वेळ, आणि ते विकायचंही नाही. ‘सहा फुटी’ म्हणून ओळखली जाणारी ही मोठी चित्रं त्याने रांगेने केली : ‘द व्हाइट हॉर्स’ १८१९, ‘स्ट्रॅटफर्ड मिल’ १८२०, हे १८२१, स्टाऊरचा डेडहॅमजवळचा देखावा १८२२, ‘द लॉक’ १८२४, ‘द लीपिंग हॉर्स’ १८२५.

कच्चं आणि अंतिम शेजारी ठेवून बघाच. कच्च्या चित्रात तपकिरी पार्श्वरंग जागोजागी उघडा आहे, फटकारे रांगडे आहेत, आणि अलीकडच्या काठावर कुत्र्याजवळ घोड्यावर बसलेला एक मुलगा आहे. अंतिम चित्रात तो नाही. आधी त्याच्या जागी पिंप रंगवलं, मग तेही झाकून टाकलं. तैलरंगाचा थर काळानुसार पारदर्शक होत जातो, त्यामुळे ती झाकलेली आकृती आज काठाजवळच्या पाण्यात गडद डागासारखी पुसट दिसते.

---

गेरू

@पुराणवांगी, स्वार काढून टाकला हाच मला या चित्रातला सगळ्यांत मोठा निर्णय वाटतो. पुढे घोडेस्वार ठेवला असता तर बघणाऱ्याची नजर त्याच्या पाठीला अडली असती, आणि गाडी पार्श्वभूमीत गेली असती. आता आपल्या बाजूच्या काठावर फक्त कुत्रा आहे, तोही गाडीकडे तोंड करून. म्हणजे आपल्या आणि गाडीच्या मधलं पाणी पूर्ण रिकामं आहे. त्या रिकामेपणामुळे दुपार लांबते. फोटोच्या भाषेत याला कुणी ‘निगेटिव्ह स्पेस’ म्हणेल, पण हा रिकामेपणा खोडून मिळवलेला आहे.

---

पानगळ

प्रश्न : गाडी मुळात पाण्यात का थांबली आहे? नदी ओलांडायची तर ओलांडावी.

---

सुतारपक्षी

@पानगळ, साधं कारण म्हणजे तिथे उथळ पाण्यातून जायची वाट होती, गाडी तिथून पलीकडे चालली आहे. पण पाण्यात रेंगाळायची दोन व्यावहारिक कारणंही सांगितली जातात, आणि दोन्ही पटण्यासारखी आहेत.

एक, घोडे. कामाच्या उन्हाळी दिवसात पाय गार होतात, पाणी पिता येतं.

दुसरं, चाकं. लाकडी चाकाला बाहेरून लोखंडी धाव तापवून चढवतात. ती गार होताना आवळते आणि आरे घट्ट बसतात. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, आकसतं, धाव ढिली पडते, चाक खडखडायला लागतं आणि वेळेवर लक्ष दिलं नाही तर धाव निसटते. चाक पाण्यात ठेवलं की लाकूड फुगतं आणि सांधे पुन्हा धरतात. बैलगाडी वापरणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, हा तात्पुरता इलाज आहे. लाकूड परत सुकलं की धाव आधीपेक्षा जास्त ढिली होऊ शकते, पक्का उपाय म्हणजे धाव काढून कापून परत चढवणं.

चित्राच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की कॉन्स्टेबल गिरणीमालकाचा मुलगा होता. धान्य, होड्या, गाड्या, पाण्याची पातळी हा घरचा धंदा. त्यामुळे गाडी पाण्यात उभी करणं त्याच्यासाठी सजावट नव्हती, रोजचं काम होतं.

---

वाकडी_चौकट

आता खरी हरकत. चित्र १८२१ चं. नेपोलियनची युद्धं १८१५ मध्ये संपली, धान्याचे भाव कोसळले, त्याच वर्षी स्वस्त परदेशी धान्य रोखणारा धान्य कायदा आला, १८१६ मध्ये पूर्व इंग्लंडात भाकरीसाठी दंगे झाले. इतकं सगळं चालू असताना हा माणूस गवताची गाडी काढतो. हे पॅस्टोरल आहे की डोळेझाक?

---

पुराणवांगी

हरकत रास्त आहे, आणि ती कॉन्स्टेबलच्या स्वतःच्या पत्रांनीच आणखी धारदार होते. एप्रिल १८२२ मध्ये तो फिशरला कळवतो की भाऊ सफोकमधल्या परिस्थितीमुळे अस्वस्थ आहे, जवळ किंवा लांब आग दिसत नाही अशी एकही रात्र जात नाही. गंजी जाळल्या जात होत्या. म्हणजे त्याला माहीत होतं. राजकारणाने तो कट्टर टोरी (परंपरावादी पक्षाचा), मजुरांच्या असंतोषाबद्दल त्याला फारशी सहानुभूती नव्हती.

आता चित्रात मजूर कुठे आहेत ते बघा. गवत कापणारे लोक, म्हणजे या सगळ्या दुपारचं खरं कष्टाचं काम करणारे, चित्राच्या सर्वांत लांबच्या पट्ट्यात आहेत. आपल्या जवळ आहेत ते गाडीतले दोघे, आणि ते या क्षणी काम करत नाहीयेत. कष्ट चित्रात आहेत, पण इतक्या अंतरावर की घाम दिसू नये. शांत मूडची किंमत ही आहे, आणि ती रचनेतच लिहिलेली आहे.

पीटर केनर्ड या कलाकाराने १९८० मध्ये याच गाडीत अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवून फोटोमाँटाज (छायाचित्रं जोडून केलेलं चित्र) केला, तो आज टेट या ब्रिटिश संग्रहालयाच्या संग्रहात आहे. आणि जुलै २०२२ मध्ये हवामान आंदोलकांनी नॅशनल गॅलरीत चित्रावर छापील कागद चिकटवले : नदीच्या जागी रस्ता, वर विमानं. चित्राच्या वॉर्निशला आणि चौकटीला किरकोळ इजा झाली. दोन्ही वेळा हेच चित्र निवडलं गेलं, कारण ‘इंग्लंडचं गाव’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं.

---

तिसरा_प्रहर

@पुराणवांगी यांच्याशी सहमत, पण ‘डोळेझाक’ हा शब्द मला अपुरा वाटतो. वडील १८१६ मध्ये गेले. धंदा एब्रमकडे गेला, कॉन्स्टेबल लंडनला स्थायिक झाला, त्याच वर्षी लग्नही झालं. ‘द व्हाइट हॉर्स’पासूनची ही सगळी मोठी चित्रं गाव सुटल्यावरची आहेत. तो चालू वर्तमान रंगवत नाही, बालपणातली एक व्यवस्था रंगवतोय, जी त्याच्यासाठी तरी संपली होती. चित्र इतकं तपशीलवार आहे ते त्यामुळेच. आठवण पुसट होऊ नये म्हणून खांबाखांबाचं शेवाळ नोंदवलंय. विली लॉट ऐंशी वर्षं त्या घरात राहिला आणि इतक्या वर्षांत फक्त चार रात्री बाहेर झोपला असं सांगतात. चित्रकार गेला, घर आणि त्यातला माणूस जागेवरच राहिले. घर डावीकडे इतकं घट्ट, इतकं काळोखी झाडीत रुतलेलं का आहे, याचा विचार या अंगाने करून बघा.

राजकीय वाचन आणि हे वाचन, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. एक निवडायलाच हवं असं नाही.

---

धूसर

आभाळाबद्दल अजून कुणीच नीट बोललं नाही, आणि मूडचा खरा चालक तिथे आहे. वर ज्या पत्राचा उल्लेख झाला, त्याच पत्रात कॉन्स्टेबल म्हणतो की आभाळ हा निसर्गचित्राचा मूळ स्वर, प्रमाणाचं माप आणि भावनेचं मुख्य साधन आहे, आणि ते वस्तूंच्या मागे टांगलेल्या पांढऱ्या चादरीसारखं असू नये.

‘हे वेन’मध्ये डावीकडे वर राखाडी, जड ढग. पाऊस पडून गेलाय किंवा येऊ घातलाय. उजवीकडे उजळ, फुगीर ढग आणि निळे तुकडे. ढगांखालची सावली जमिनीवर कुठे पडते ते बघा : पुढचा भाग आणि झाडी सावलीत, कुरण उन्हात. म्हणजे हे ऊन तात्पुरतं आहे. गवत कापणाऱ्याला आभाळाची अशी दुपार म्हणजे घाई, कारण कापलेलं गवत भिजलं तर कुजतं. रिकामी गाडी आणि राखाडी ढग एकत्र वाचले की चित्र अचानक वेळेच्या दडपणाखाली येतं. ‘शांत’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

एक गल्लत नेहमी होते : लंडनच्या हॅम्पस्टेड भागात केलेले त्याचे प्रसिद्ध ढगांचे अभ्यास (मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिलेले) मुख्यतः १८२१ च्या शरदातले आणि १८२२ चे आहेत. हे चित्र मे १८२१ मध्ये प्रदर्शनात लागलं होतं. त्यामुळे ‘ढगांचा अभ्यास करून हे वेन काढलं’ हा क्रम उलटा आहे.

---

पानगळ

मग नक्कल करायची तर सुरुवात कुठून? तैलरंगात, साधारण दोन फुटी.

---

ओलेता_कागद

@पानगळ, ६० × ४२ सेंमी घ्या, प्रमाण जुळतं.

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरू करू नका. बर्न्ट सिएना आणि थोडा रॉ अंबर (दोन्ही तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फिरवा, कापडाने पुसून मधल्या छटेवर आणा आणि वाळू द्या. पातळ थर एरवी एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात जास्त धरा. हा उबदार पार्श्वरंग हिरव्यांच्या फटींतून दिसत राहिला तर झाडी जिवंत राहते, पूर्ण झाकला तर प्लास्टिकची होते.

हिरवे नळीतून काढू नका. प्रशियन निळा आणि यलो ऑकर (मातकट पिवळा), सुरुवातीला एक भाग निळ्याला आठ ते दहा भाग ऑकर. प्रशियन निळा भयंकर जोरकस आहे, ऑकरमध्ये निळा मिसळा, उलटं कराल तर अर्धी नळी ऑकर संपेल. याच मिश्रणात बर्न्ट सिएना घालून झाडीचा काळोख, लेमन यलो आणि पांढरा घालून कुरण. किमान पाच हिरवे आधी पॅलेटवर तयार ठेवा.

क्रम : काळोखी झाडी, मग आभाळ, मग कुरण, मग पाणी, मग घर, शेवटी गाडी आणि माणसं. आभाळ झाडीच्या कडांमध्ये ओलं असताना थोडं घुसवा. आभाळ वाळल्यावर पानं काढलीत तर कडा कात्रीने कापल्यासारख्या येतात, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळून तडकतो.

पांढरे ठिपके अगदी शेवटी, घट्ट रंगाने, सुरीच्या टोकाने किंवा कोरड्या ब्रशने. पानांवरची ओल आणि पाण्यावरची चमक एवढ्यापुरतेच. कॉन्स्टेबलच्या या ठिपक्यांची त्या काळी ‘बर्फ’ म्हणून टिंगल झाली. त्याचा पांढरा शिशाचा होता. आपण तो वापरायचा नाही, विषारी आहे. टायटॅनियम जास्त थंड आणि जास्त झाकणारा असतो, म्हणून त्यात कणभर ऑकर घाला. लालासाठी हिंगुळ नको (त्यात पारा असतो), कॅडमियम रेड लाइट पुरे, तोही जाड थर न देता दोन-तीन फटकारे. कॅडमियमसुद्धा पोटात जाता कामा नये, तेव्हा चहाचा कप आणि ब्रशचा डबा लांब लांब ठेवा.

जलरंगात करायचं असेल तर पांढरा लावायचा नाही, कागद राखायचा. रंग पूर्ण वाळल्यावर ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडलं की पाण्यावरची चमक मिळते. ३०० ग्रॅमपेक्षा पातळ कागद यात फाटतो.

---

चहाबिस्कीट

चहाचा उल्लेख माझ्यावर होता का? असो. लंडनमध्ये ते विकलं गेलं का तेव्हा?

---

पुराणवांगी

नाही. १८२१ च्या प्रदर्शनात गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढे पॅरिसचा विक्रेता जॉन अॅरोस्मिथ याने हे, डेडहॅमजवळच्या देखाव्याचं मोठं चित्र आणि एक छोटं, अशी तीन मिळून २५० पौंडांना घेतली. १८२४ च्या पॅरिस सलोंमध्ये (तिथलं मोठं कलाप्रदर्शन) त्यावर फ्रान्सचा राजा चार्ल्स दहावा याचं सुवर्णपदक मिळालं. ती चित्रं पाहून फ्रेंच चित्रकार दलाक्र्वाने आपल्या ‘कियॉसच्या कत्तली’च्या पार्श्वभूमीवर पुन्हा हात फिरवला. कत्तलीच्या चित्राला या गवतगाडीतून काहीतरी मिळालं, हे ‘गोड चित्र’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. घरी मात्र रॉयल अकॅडमीचं पूर्ण सदस्यत्व मिळायला त्याला १८२९ उजाडलं, तेव्हा वय ५२. नॅशनल गॅलरीत हे चित्र १८८६ मध्ये हेन्री व्हॉन यांच्या देणगीतून आलं.

---

वाकडी_चौकट

‘गोड’ मागे घेत नाही, पण ‘निव्वळ’ मागे घेतो.

आता पुढचा प्रश्न. ‘द लीपिंग हॉर्स’मध्ये तर घोडा सरळ उडीच मारतोय. तिथे ही तोलाची भाषा चालते का?

---

धूसर

चालते, आणि जास्त उघडपणे. तिथे क्षितिज खाली आहे, आभाळ मोठं आहे, आणि गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून घातलेला अडसर घोडा ओलांडतोय. नदीकाठच्या वाटेने होड्या ओढणाऱ्या घोड्यांना असे अडसर उडी मारून पार करायला शिकवलेलं असे. प्रदर्शनातून परत आल्यावर कॉन्स्टेबलने घोड्यासमोरचं विलोचं झाड झाकून टाकलं, म्हणजे उडीपुढची जागा मोकळी झाली. ‘हे वेन’मध्ये स्वार काढला, तिथे झाड. अंतिम चित्र रॉयल अकॅडमीकडे आहे, पूर्ण आकाराचं कच्चं चित्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये. आधी १० × ७ ऐवजी १० × ७.५ ची चौकट आखा, ते चित्र थोडं जास्त उंच आहे. तीन छटांची रेखाटनं टाका, मग बोलू.